‘येजो’च्या आधी

रिता सहज बोलून गेली. मांडीवर सूप, सुपात वालाच्या शेंगा, बोटं आपली चाललेली, आणि मान वरसुद्धा न करता ती म्हणाली, "ताई, बाबा ‘नोको’ म्हणून राहिले ना इथं?" मेघाला वाटलं वीज गेली. वीज गेली नव्हती. फ्रिजची घरघर चालू होती, खाली भंडाऱ्याच्या रस्त्यावर सकाळचे अकरा वाजल्याची नेहमीची वर्दळ होती. संपलं होतं ते तिच्या हेडफोनचं चार्जिंग, आणि म्हणून तिच्या एकटीच्या कानात राहायला हवा होता तो आवाज लॅपटॉपमधून सगळ्या खोलीला ऐकू आला होता. अकरा सेकंद. भावाच्या बायकोने तो एकदाच ऐकला होता, शेंगा सोलता सोलता ऐकला होता, आणि मेघाने गेल्या तीन महिन्यांत शंभरदा ऐकूनही जे तिला ऐकू आलं नव्हतं ते रिताला ऐकू आलं होतं. "कुठं?" मेघाने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिचं तिलाच बरं वाटलं. रिताने मान वर केली, हे काहीतरी महत्त्वाचं आहे हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि ती लगेच मागे सरली. मले असंच वाटलं, म्हणाली, खोकला असंन. मग शेंगांचं सूप उचलून आत गेली, आणि आतून नळाचा आवाज यायला लागला, गरजेपेक्षा जरा मोठा.

बाबांनी फोनवर पाठवलेल्या निरोपाच्या अकरा सेकंदांत इतकंच होतं. छताच्या पंख्याची लय, बाबांचा श्वास, मग "मेघा", मग खोकला, खोकल्याच्या आत काहीतरी ठक् वाजल्यासारखं, खोकल्याच्या शेवटाला चिकटून काहीतरी पुटपुटल्यासारखं, आणि मग एकदम स्वच्छ, जवळून, "येजो". त्यानंतर काही नाही. पुण्याच्या तिच्या मैत्रिणींना ‘येजो’ समजावून सांगावं लागलं असतं. ये म्हणजे आत्ता ये. येजो म्हणजे ये, पण तुझ्या सवडीनं, पुढे कधीतरी, विसरू नको म्हणजे झालं. आंधळगावात, तिच्या गावी, घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला दारात ‘येजो’ म्हणतात. बाबांनी तो शब्द तिला हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी म्हटला होता, परदेशी शिकायला निघाली तेव्हा म्हटला होता, आणि मंगळवारी संध्याकाळी फोनमध्ये म्हटला होता. गुरुवारी पहाटे ते गेले. तो शब्द ऐकून ती पहिल्यांदा रडली, मग त्याच शब्दावर तिने तीन महिने काढले. बाबांनी आपल्याला बोलावलं होतं आणि आपण गेलो नाही. हे दुःख असलं तरी त्याला आकार होता, ते हातात धरता येत होतं. आता रिताने त्या शब्दाच्या आधी दुसरा एक शब्द ठेवून दिला होता. नोको येजो. येऊ नकोस. हे बापाने लेकीला कशासाठी म्हणावं? तिच्या कामाची काळजी म्हणून, की दोन वर्षं आजारी माणसाला फोनवरून तब्येत विचारणाऱ्या लेकीचा राग म्हणून? तिने पुन्हा लावलं. आता ऐकू आलं. खोकल्याच्या शेवटी ‘नो’ होता, ‘को’ही होता. पुन्हा लावलं, तेव्हा नव्हता.

तिला हे ओळखीचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त भयंकर होतं. वृषभ राशीच्या दिशेला, कृत्तिकांपासून फार लांब नाही, असा एक काळा ढग आहे. त्यात चांदण्या नाहीत, नुसती धूळ आणि वायू, आणि थंडी उणे दोनशे साठ अंशांच्याही खाली. त्या थंडीत, त्या अंधारात, कार्बनचे अणू एकापुढे एक जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या होतात. एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. त्या दिसत नाहीत. पण त्या संथपणे गरगरतात, आणि गरगरण्याचा वेग एक पायरी उतरला की अतिशय क्षीण अशी रेडिओलहर सोडतात. प्रत्येक साखळीच्या लहरी ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतराअंतरावर, फणीच्या दात्यांसारख्या. साखळी जितकी लांब तितके दाते जवळजवळ आणि तितकेच पुसट. मेघाचं काम ते दाते शोधण्याचं. ज्या साखळीमागे ती चार वर्षं होती तिचा एकही दाता सुटा दिसत नसे, सगळी नुसती खरखर. मग काय करायचं, तर जिथे जिथे दाता असायला हवा ते सगळे तुकडे कापून एकावर एक ठेवायचे आणि बेरीज करायची. खरखर खरखरीला खाऊन टाकते, आणि खरी रेघ असली तर हळूहळू वर येते. असली तर. ती नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची की या पद्धतीत एक खोट आहे: तुम्हांला काय हवंय ते तुम्ही आधीच ठरवलेलं असतं. हवं त्या जागी पुरेसा वेळ बघत राहिलं तर खरखरीतूनसुद्धा रेघ उठते. आणि उठलेली रेघ खरी असली तरी ती तुमच्याच रेणूची असेल असं नाही. शेजारच्या कुणाची असते, बरोबर त्याच जागी पडलेली. म्हणून ती हात आखडून लिहायची. तिचा सोबती संशोधक आठ दिवसांपासून एका क्रियापदासाठी तिच्या मागे लागला होता. निबंधात ‘आढळला’ लिहायचं की ‘आढळला असावा’. रेघ तर आली होती, बाबा गेल्यानंतर दोन दिवसांनी आली होती, ती विमानात असताना. ‘असावा’, तिने दरवेळी कळवलं होतं. त्याने शेवटी वैतागून विचारलं होतं, तुला नक्की काय झालं म्हणजे खात्री पटेल?

ती उठली आणि बॅगेत पाण्याची बाटली टाकली. आंधळगावला जाऊन येते, म्हणाली. रिता दारापर्यंत आली. जेवून जा, म्हणाली, मग, भूपेंद्रले गाडी घेऊन बोलावतो, म्हणाली. आई आंधळगावातच होती. तेरवी झाल्यावर भावाने, भूपेंद्रने, तिला भंडाऱ्यात आणलं होतं, ती चार दिवस राहिली आणि बाबांचा हातमाग झाकून ठेवला नाही, धूळ बसते, असं सांगून निघून गेली ती गेलीच. मेघाने पुण्याहून रजा वाढवून घेतली, आईजवळ राहायचं म्हणून, आणि राहिली भावाकडे. यात काही विसंगत आहे असं घरात कुणी म्हटलं नव्हतं. आई तिच्याशी बोलायची, ताटात वाढायची, केसांना तेल लाव म्हणायची. पण बाबांचा विषय निघाला की आई मेघाकडे एकदा बघायची, काहीतरी येण्याची वाट बघितल्यासारखी, आणि मग उठून जायची. मेघा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, फोन बंद होता हो. तिथं चालवूच देत नाहीत.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. वरठी मागे गेलं, धान काढून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोरीचं पीक पसरलं होतं, निळ्या फुलांनी भरलेलं. मेघाने डोळे मिटले तर परदेशातल्या रेडिओ दुर्बिणीची ती दरी आली. दोन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये ती अवाढव्य पांढरी तबकडी, आणि तिच्या आसपास कित्येक कोसांत एकही मोबाइल नाही, चहा गरम करायची शेगडीसुद्धा विजेची नाही, कारण एका फोनचा आवाज त्या ढगाच्या आवाजापेक्षा किती पटींनी मोठा हे सांगायला शून्यंच पुरत नाहीत. दारावरच फोन बंद करून खोक्यात ठेवायचा. आठ दिवस. जाण्यापूर्वी तिने बाबांना सांगितलं होतं, भूपेंद्रला तिथला तारेच्या फोनचा नंबर दिला होता, फक्त नड असली तर. बाबा हसले होते. आकाशाचं बोलनं ऐकाले जातं आन आमचं बंद करतं, म्हणाले. ती चिडली होती का? चिडली नव्हती. घाईत होती. त्या आठ दिवसांतलं जे आता तिला आठवायलाही नको वाटायचं ते म्हणजे तिथे ती सुखात होती. कुणी बोलावत नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, समोर हिरवट पडद्यावर खरखर, आणि त्या खरखरीत आपलं माणूस असल्यासारखं वाटणं. गुरुवारी तारेचा फोन वाजला तेव्हा तो तिच्यासाठी असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तिने तो दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगितला होता. विमानतळाच्या वाटेवर डोंगर संपले आणि खिशातला फोन जागा झाला, थरथरत राहिला, आणि त्या सगळ्या संदेशांच्या तळाशी बाबांचे ते अकरा सेकंद होते.

मोहाडीला बस बराच वेळ थांबली. कुणीतरी संत्री सोलत होतं. मेघाला एकदम हसू आलं, कारण याच थांब्यावर एकदा एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, तू कृष्णरावची पोरगी ना, कोळशाच्या खात्यात लागलेली? बाबांनीच पसरवलं होतं ते. तिने त्यांना फोनवर कार्बन सांगितलं होतं, त्यांनी कुणाला तरी विचारून कार्बन म्हणजे कोळसा हे नक्की केलं, आणि इकडे कोळसा म्हटलं की खाण आणि पक्की नोकरी. दोन वर्षं गावात ती कोळशाच्या खात्यात होती. शेजारच्या उषाबाई तर अजून म्हणतात, खालचा पुरला नाही म्हणून वरतं गेली. पुढे एका दिवाळीत तिने मागाजवळ बसून बाबांना नीट सांगितलं. बाबा कोशाचा रेशमी धागा भरत होते, बोटं ओली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कोसा कोरड्या थंडीत तुटते, ओल लागते त्याले. तिथं एवढ्या थंडीत हे जोडते कोन? तिने उत्तर दिलं, बरोबर दिलं, विद्युतभारित कण आणि धुळीचे पृष्ठभाग असं काहीतरी, आणि बाबांनी मान हलवली. उत्तर पोचलं नाही तरी ते मान हलवायचे. समोरच्या माणसाला बोलत ठेवायची ती त्यांची रीत होती. फोनवरसुद्धा हलवायचे, पलीकडच्याला दिसत नाही हे ठाऊक असून.

घराचं दार उघडं होतं. आई ओसरीत उन्हाला पाठ देऊन तांदूळ निवडत होती आणि उषाबाई तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मेघाला बघून उषाबाई म्हणाल्या, आली का व, जेवली का, आणि उत्तराची वाट न बघता, हिच्या अंगावर मांसच नाही निर्मला, तिथं काय खाते, हवाच खाते का?  आईने बाजूची चटई पायाने जरा मेघाकडे सरकवली. उषाबाई थोडा वेळ बसल्या, दोघींच्या तोंडाकडे बघितलं, आणि दूध चुलीवर ठेवलं म्हणून उठल्या. चुलीवर दूध नव्हतं हे तिघींनाही माहीत होतं.

वाटेत मेघाने प्रश्न बऱ्याच प्रकारे मांडून पाहिला होता. आता एकही आठवला नाही. तिने फोन काढला, आईच्या पुढ्यात तांदळाच्या परातीशेजारी ठेवला आणि लावला. पंखा. श्वास. मेघा. खोकला. येजो. आईचे हात थांबले. बाबांचा आवाज तिने तीन महिन्यांनी ऐकला होता, हे मेघाला तेव्हा कळलं, आणि आपण आधी सांगायला हवं होतं हेही. "‘येजो’च्या आंधी काही म्हणले का, आई? रिताले ‘नोको’ ऐकू आलं."

"म्हणले ना," आई म्हणाली. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. "कवडूले म्हणले. तो पाठ शेकाले आला होता, विटकर घेऊन. दार ढकललं त्यानं, तं हे म्हणले, आता नोको, मंग येजो. पोरीसंग बोलून राहिलो."

मेघा परातीकडे बघत राहिली. तर ती रेघ शेजारच्या कुणाची होती. ‘नोको’ कवडूकाकाचं, ते ठीक. पण ‘येजो’सुद्धा कवडूकाकाचं. ज्यावर तीन महिने काढले तो शब्द गरम विटेचं फडकं हातात धरून दारात उभ्या असलेल्या, बाबांबरोबर चाळीस वर्षं मागावर बसलेल्या एका माणसासाठी होता. तिच्या वाट्याला आलं होतं ते फक्त तिचं नाव. तिला रडू आलं नाही. पोकळ, हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात कुठेतरी अशीही जाणीव होती की चला, बोलावलं नव्हतं तर.

"एवढंच भरलं काय यात?" आईने फोनला बोट लावलं. "पुढचं कुठं गेलं?"

"पुढचं?"

"ते तं लय वेळ बोलले. कवडू गेला, मंग फोन कानाले लावला. मी चुलीपाशी होती, तिथून दिसत होतं मले." आई सांगत होती तसतसं मेघाला सगळं दिसत गेलं, एकेक हालचाल. भूपेंद्रने त्यांना शिकवलं होतं, माइकचं चिन्ह दाबून धरायचं आणि बोलायचं. कवडूकाका दारात आला, बाबांनी त्याच्याकडे बघून त्याला थांबवलं, आणि अंगठा उचलला गेला. अंगठा उचलला की ध्वनिमुद्रण संपतं आणि जे झालं असेल तेवढं निघून जातं. बाबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं आता फोन लागला. त्यांनी फोन कानाला लावला आणि बोलत राहिले. "खोकला यायचा, थांबायचे, अखीन बोलायचे," आई म्हणाली. "मले म्हणले, पंखा बंद कर, तिचं ऐकू येत नाही. मी केला बंद. विचारलं तुले, सापडलं का ते? मंग चूप बसून ऐकलं. मान हालवली. हासले बी." तिने परातीतला एक खडा उचलला, बघितला, बाजूला टाकला नाही, तसाच बोटांत धरून ठेवला. "तू तं भूपेंद्रले सांगतलं, उषाबाईले सांगतलं, फोन बंद होता. साऱ्या गावाले सांगतलं. मी काही बोलली नाही. कोनासमोर कायले खोटं पाडू पोरीले? पन मी आपल्या डोयानं पायलं ना, मेघा. तुझ्यासंग बोलले ते. त्याइचा आवाज कसा झाला होता ते ऐकलं असंन तू."

म्हणजे हे होतं. ते एकदा बघणं, वाट बघितल्यासारखं, आणि उठून जाणं. तीन महिने आई समजून चालली होती की लेकीने बापाचा तो आवाज ऐकला, तो किती आजारी आहे हे तिला कळलं, आणि ती आली नाही. आणि वर खोटं बोलली. मेघाच्या तोंडात वाक्य तयार होतं, इतक्यांदा उच्चारलेलं की त्याला विचार करावा लागत नव्हता. आई, फोन बंद होता. फोन दाखवता आला असता, तारीख, वेळ, किती सेकंद, सगळं त्यात होतं. भूपेंद्रला बोलावून साक्ष काढता आली असती. तिच्या आयुष्यात इतका स्पष्ट पुरावा तिच्या हाती कधी आला नव्हता. आईने ते मानलंही असतं, आई समंजस होती. मग आई पुन्हा एकदा चुलीपाशी उभी राहिली असती, आणि तिथून तिला खाटेवरचा माणूस दिसला असता, मुक्या काचेला कान लावून, कुणी बोलत नसताना मान हलवणारा. यापुढे दररोज तोच दिसला असता.

"मंग तू काय सांगतलं त्याइले?" आईने विचारलं. "मी पुसलं, तं म्हणले, आमचं आमचं आहे."

रस्त्याने कुणाची तरी गाडी गेली. मेघाने फोन उचलून पालथा ठेवला.

"दिसून राहिलं म्हणली," ती म्हणाली. "सापडलं म्हणली, बाबा. आहे तिथं."

आईने मान हलवली, सावकाश, एखादा हिशोब जुळावा तशी नव्हे तर थकल्यासारखी. "हं. म्हणून हासले." मग तो खडा अंगणात टाकला. "आन येतो म्हणली होती?"

"म्हणली."

"तं मंग त्याइले मालूम होतं," आई म्हणाली. "तू येऊन राहिली म्हणून."  तिचा चेहरा सैल झाला होता, तीन महिन्यांत मेघाने तो तसा पाहिला नव्हता. मग तिने मेघाकडे बघितलं, या वेळी नजर न काढता, आणि अगदी हळू, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आन तरी नाही आली तू."

"नाही आली," मेघा म्हणाली.